गावरान पाल

योगेश टालेनं पाल विकत घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्याच्या अकोल्यातल्या भाड्याच्या घरात चार पाली आधीच राहत होत्या. दोघी स्वयंपाकघरात, एक ट्यूबलाइटच्या मागे आणि एक न्हाणीत, जिची शेपूट गेल्या उन्हाळ्यात दारात अडकून तुटली होती. त्यामुळे बायकोनं, साधनानं, विचारलेला पहिला प्रश्न रास्तच होता.

“चार फुकटच्या हायेत. पाचवी विकत काहून आनता?”

योगेशकडे उत्तर तयार होतं. प्रश्न येण्याआधी उत्तर तयार ठेवायची त्याला सवय होती. अडचण एवढीच, की जे प्रश्न कधीच येणार नव्हते त्यांचीही उत्तरं तो तयार ठेवी आणि त्यात त्याची झोप जाई. बार्शीटाकळीच्या तहसिलीत तो अव्वल कारकून होता. वय अडतीस. सकाळी बसस्टँडवर पोचल्यावर गॅस बंद केला का ते पाहायला तो घरी परत येई, आणि गॅस पाहून निघताना कुलूप नीट लागलं का, ही नवी काळजी सोबत घेऊन जाई. कचेरीत मात्र या स्वभावाला किंमत होती. त्याच्या टेबलावरून गेलेला अर्ज त्रुटीसाठी वरून परत आला, असं बारा वर्षांत घडलं नव्हतं. अर्जावरचा फोटो, आधारवरचा फोटो आणि समोर उभा असलेला माणूस हे तिघं एकच आहेत का, हे तो चष्मा पुसून पाही.

गेल्या जूनमध्ये त्याच्या छातीत दुखलं. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, “हार्ट एकदम चांगलं आहे. डोकं जरा शांत ठेवा.” ते कसं ठेवायचं, हे चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं. बिलाची वाट पाहत तो बाकावर बसला होता, तेव्हा मोबाइलवर एक व्हिडिओ आपोआप सुरू झाला. पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली एक पाल दगडावर बसली होती. खाली तिचं नाव येत होतं, लेपर्ड गेको. दहा मिनिटांत तिनं एकदा डोळे मिटले आणि उघडले. आपल्या घरातल्या पालींना पापण्या नसतात, हिला होत्या. जिवणी अशी, की मंद हसते आहे असं वाटावं. बाकी तिनं काहीही केलं नाही. योगेशनं तो व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून पाहिला. बिलाच्या खिडकीतून त्याचं नाव दोनदा पुकारलं गेलं आणि ते त्याला ऐकू आलं नाही. असं त्याचं कधी होत नसे.

पुढचे आठ महिने निवडीत गेले. योगेशनं एक कोरं रजिस्टर आणलं, रकाने पाडले आणि पाळता येण्यासारख्या सगळ्या पालींची छाननी सुरू केली. इग्वानापुढे नोंद होती: “दोन वर्षांत पाच फूट. घरमालक.” बिअर्डेड ड्रॅगन रागावला की त्याचा गळा काळा पडतो, शेरा होता: “राग कळेल. पुढे काय करावे?” सरड्यांमधला रंग बदलणारा शॅमेलिऑन जरा काही झालं की ताण घेतो, खाणं सोडतो आणि काळजीनंच मरतो, असं त्याच्या वाचनात आलं. तिथे त्यानं लिहिलं: “एका घरात दोन नकोत.” उरली लेपर्ड गेको. वीतभर लांब, दिवसाआड चार किडे खाणारी, हातावर बसणारी. आणि तिचा एक गुण असा, की त्यावर घरातली मंजुरी मिळाली.

“भिंतीवर चढत नाही?” साधनानं विचारलं.

“पायाले चिकटपनाच नसते तिच्या.”

“मंग पाल कायची ते?” असं म्हणून तिनं होकार दिला. अट एकच, तिच्या माहेरचे आले की पेटीवर चादर टाकायची.

एक काळजी तरीही उरली. पाली पाळणारे सगळे व्हिडिओ थंड मुलखातले. पेटी गरम कशी ठेवायची, दिवा कुठला, हीटर कुठला, हे त्यात सविस्तर सांगितलेलं असे. अकोल्यात मे महिन्यात पेटी गरम कशी ठेवावी हा प्रश्न कोणालाच पडणार नव्हता. पाल भाजून निघू नये म्हणून काय करावं, यावर मात्र एकही माणूस बोलत नव्हता. योगेशनं रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात लाल शाईनं लिहिलं: “आपल्या हवेत टिकेल का?” आणि खाली दोन रेघा मारल्या. पुढे जे झालं ते त्या दोन रेघांमुळे झालं.

वडिलांना हे सांगायचं नाही, असं त्याचं ठरलं होतं. साधनानं फोनवर सहज सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं खुशालराव हजर.

खुशालराव टाले बार्शीटाकळीजवळच्या गावात राहत. सत्तरी ओलांडलेली, कमरेत ताठ. त्यांची शेती बऱ्यापैकी होती, पण नाव शेतीसाठी नव्हतं. ते बैल पाहणारे होते. मूर्तिजापूरपासून चांदूरबाजारपर्यंतचे लोक जोडी घ्यायची असली की त्यांना गाडीत घालून बाजारात नेत. ते जनावराभोवती एक फेरी मारत, चालवून पाहत, शेपटीच्या मुळाशी हात लावत आणि एक शब्द बोलत: घे, किंवा चाल. गेली सहा वर्षं कोणी न्यायला आलं नव्हतं. ट्रॅक्टर घेताना फेरी मारावी लागत नाही.

“जनावर घेऊन राहिला अन् मले सांगतलं नाही?” ते दारातूनच म्हणाले.

“बाबा, पाल आहे ते.”

“चार पाय हायेत नं? मंग?”

योगेशनं रजिस्टर वडिलांपुढे ठेवलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी बापलेक अमरावतीला गेले. मासे आणि पक्षी विकणारं ते दुकान योगेशनं तीन महिने इंटरनेटवर तपासलं होतं. मालक कुलदीप तिशीतला होता आणि त्याच्या टी-शर्टवर मगरीचं चित्र होतं. काचेच्या पेट्यांत तीन पिवळ्या गेको, एक पांढरट आणि एक झोपलेला बिअर्डेड ड्रॅगन होता. खुशालराव हात पाठीमागे बांधून पेट्यांसमोरून गेले. फेरी मारायला जागा नव्हती, ही त्यांची पहिली तक्रार.

“हे पिवये काहून पडले? कावीळ हाय काय याहिले?”

“नाही काका, कलरच असा आहे. फॉरेनचा आहे.”

“अन् हे पांढरं?”

“अल्बिनो. याला डिमांड जास्त.”

“उजेडात डोये मिचकावून राहिलं. वावरात नाही उभं राहनार हे.”

“वावरात नाही उभं करायचं, काका.”

योगेशनं रजिस्टर उघडून लाल शाईतला प्रश्न वाचला. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, घरात कूलर आहे, टिकेल का? कुलदीप म्हणाला, “टिकते ना साहेब. एसी बसवून घ्यायचा.” बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. एसी घरातल्या माणसांसाठीही बसवलेला नव्हता.

तेव्हा खुशालरावांनी तो प्रश्न विचारला, जो वऱ्हाडातला शहाणा माणूस टमाट्यापासून कोंबडीपर्यंत प्रत्येक वस्तूबद्दल विचारतो.

“गावरान नाही काय?”

कुलदीपनं रस्त्याकडे पाहिलं, मग योगेशच्या खिशाला लावलेल्या दोन पेनांकडे पाहिलं.

“आहे ना,” तो म्हणाला. “पण समोर नाही ठेवत.”

“चांगला माल समोर ठेवते कोन?” खुशालराव म्हणाले. त्यांचा दुकानदारावर प्रथमच विश्वास बसला.

माशांच्या खाद्याच्या पोत्यांमागून कुलदीपनं एक प्लास्टिकचा डबा काढला. त्यात होती ती पिवळी नव्हती. मातकट अंग, त्यावर रुंद फिकट पट्टे, खरबरीत पाठ आणि गाजरासारखी जाड शेपूट. डोळ्यांना पापण्या होत्या. तिनं मान वळवून खुशालरावांकडे पाहिलं, आणि नजर हलवली नाही.

“चालवून दाखव.”

कुलदीपनं तिला काउंटरवर ठेवलं. ती पोट वर उचलून, एकेक पाय जपून टाकत, बिलबुकापर्यंत गेली. कुलदीपनं तिच्या तोंडाजवळ बोट नेलं तेव्हा तिनं तोंड उघडून फुत्कार टाकला.

“तेज हाय,” खुशालराव म्हणाले. “पाऊल टाकनं पाह्य तिचं. घाई नाही. शेपूट भरेल हाय, म्हंजे पोटाले कमी नाही पडलं कधी.” मग ते वाकले, चष्मा सावरला आणि तिचं कपाळ जवळून पाहिलं. “भोवरा नाही.” बैलाच्या अंगावर भोवरा भलत्या ठिकाणी असला तर घर बसतं म्हणतात. पालीला केसच नसल्यानं हा धोका मुळात नव्हता, पण तपासणी पूर्ण झाली. “घे.”

“आपल्या हवेत...” योगेश बोलू लागला.

“आपल्याच हवेतली आहे साहेब,” कुलदीप म्हणाला. “इथंच ब्रीड केलेली.”

योगेशनं कागद मागितला. कुलदीपनं ड्रॉवरमधून लगेच काढून दिला. त्यावर नंबर होता, गोल शिक्का होता, चमकणारं होलोग्राम होतं, आणि तो लॅमिनेट केलेला होता. लॅमिनेशन पाहून योगेशचा जीव भांड्यात पडला. खुशालरावांनी खांद्यावरचा दुपट्टा पुढे ओढून त्याखालून उजवा हात कुलदीपपुढे केला. बाजारात भाव असाच ठरतो, कापडाखाली, बोटांनी, तिसऱ्याला न कळता. कुलदीपला वाटलं त्यांना हात पुसायचे आहेत. त्यानं टिशू पेपर दिला.

पहिले पंधरा दिवस योगेशच्या आयुष्यातले सगळ्यात बरे गेले. पाल दिवसभर उलट्या ठेवलेल्या कुंडीच्या तुकड्याखाली झोपे आणि दिवेलागणीला बाहेर येऊन बसे. तो समोर खुर्ची टाकून बसे. दोघंही काही करत नसत. बसस्टँडवरून गॅस पाहायला तो या पंधरवड्यात दोनदाच परत आला. खुशालराव दर शुक्रवारी स्टीलच्या डब्यात हरभऱ्यावरच्या घाटेअळ्या घेऊन येत. शेवटच्या फवारणीच्या वेळी त्यांनी दोन ओळी मुद्दाम सोडून दिल्या होत्या. शेजारच्या वावरातला माणूस बांधावर थांबून म्हणाला होता, “खुशालराव, अई पोसून राहिले काय?” त्यांनी सांगितलं, “जनावर बांधलं हाय पोरानं. खायाले लागते.” पाल अळीवर अशी झेपावे, की साधनासुद्धा स्वयंपाकघरातून पाहायला येई. पन्नास वर्षं घाटेअळीनं खुशालरावांचा हरभरा खाल्ला होता. आता ते समोर बसून एकेक हिशेब चुकता होताना पाहत.

मार्चच्या तोंडाशी ऊन तापू लागलं आणि योगेशची लाल शाई पुन्हा जागी झाली. कूलर लावावा तर दमट हवा, न लावावा तर भट्टी. त्यानं सरफराजला बोलावलं. सरफराजचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि तो सर्पमित्र होता. अर्ध्या अकोल्यातले साप त्यानं पकडून रानात सोडले होते. तो आला, चहा घेतला, पेटीजवळ उकिडवा बसला आणि बोलायचा थांबला. सरफराज बोलायचा थांबला, हे योगेशच्या लक्षात आधी आलं. कारण नंतर कळलं.

“कुठून आनली, योगेशभाऊ?”

“अमरावतीहून. कागद हाय आपल्याकडं.”

सरफराजनं कागद नुसता हातात धरला. पालीच्या मागच्या पायाच्या बोटांकडे बोट दाखवलं. “एक बोट नाही, दिसलं? अन् हे बारीक लाल किडे पाहा, काखेत. दुकानात पैदा झाली असती तर हे कुठून आले असते? ये जंगल की है, भाऊ. सातपुड्यातली. मेळघाटाकडं दगडाखाली निघते. लोक बिसखोपरा मनतात, दिसली की चप्पल घेऊन धावतात. जहर बिहर काही नाही बिचारीले.”

“म्हंजे?”

“म्हंजे विकता येत नाही, घेता येत नाही, पाळता येत नाही. सरकारी कायदा हाय. केस होते.”

योगेशनं कागद परत घेतला. नंबर होता. शिक्का होता. आणि वरच्या कोपऱ्यात, टिकलीएवढा, पालीचा फोटो होता. ती पाल पिवळी होती, अंगावर काळे ठिपके होते. रोज चाळीस लोकांचे फोटो ताडून पाहणारा माणूस त्या फोटोकडे बघत बसला. साधनानं त्याला पाणी आणून दिलं, ते त्यानं घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

नियम त्याला पाठ होते. सरकारी नोकरावर गुन्हा दाखल झाला की निलंबन. निलंबन झालं की चौकशी. चौकशी किती वर्षं चालते याचा एक नमुना त्यांच्याच कचेरीत होता. तो गृहस्थ दर महिन्याला येऊन बाकावर बसून जाई. योगेशला आता त्या बाकावरची आपली जागाही दिसू लागली. खिडकीकडची, पंख्याखाली नसलेली.

“परत देऊ काय दुकानात?” त्यानं विचारलं.

“तो दुसऱ्याले विकल.”

“मंग इथंच सोडून देऊ, रानात?”

“इथलं रान तिचं नाही. मरल. तुमी असं करा, वनविभागाकडं जमा करा. मी फोन करतो. तिथं सीमा वानखडे मॅडम हायेत, मानूस चांगला हाय.”

“जमा करतानी विचारतीन नं, कुठून आली?”

सरफराज उठला. त्यानं कप उचलून आत नेऊन ठेवला.

पुढचे तीन दिवस पेटीवर चादर होती, माहेरचं कोणी आलेलं नसताना. दारावरची बेल वाजली की योगेश उभा राही. दूधवाला आला तरी तो आधी पेटीकडे पाही. रजिस्टरमध्ये त्यानं एक नवं पान उघडलं, दोन रकाने पाडले. डावीकडे “गप्प राहिल्यास”, उजवीकडे “सांगितल्यास”. दोन्हीकडे बरंच लिहून झालं आणि खाली दोन्हीकडे एकच शब्द आला: निलंबन. पाल खात होती. तिला कशाचाच पत्ता नव्हता, आणि पूर्वी ज्या गोष्टीनं त्याला बरं वाटे, तीच आता त्याला सहन होईना.

शुक्रवारी खुशालराव डबा घेऊन आले. चादर पाहून म्हणाले, “झोपली काय?” योगेशनं त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. एक वाक्य त्यानं गाळलं. गावरान मागितलं कोणी, ते. खुशालरावांनी डबा मांडीवर धरून ऐकलं.

“म्हंजे जनावर खोटं निघालं?”

“जनावर खरं हाय, बाबा. कागद खोटा हाय.”

“असं सांग नं मंग,” खुशालराव म्हणाले. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. योगेशचा झाला नाही.

“माही नोकरी जाऊ शकते, बाबा.”

खुशालरावांनी डब्याचं झाकण दोनदा घट्ट केलं. “कवा जा लागते तिथं?”

“सोमवारी. तुमी नका येऊ.”

“मी येतो,” ते म्हणाले.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून योगेश वडिलांसह निघाला. वनविभागाची ती कचेरी शहराच्या कडेला होती; दोन खोल्या, एक कडुनिंब, पकडलेल्या लाकडांचा ढीग. वनरक्षक सीमा वानखडे जेवणाचा डबा आवरून टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी पेटीत पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “कित्ती सुरेख ठेवली हो. नाहीतर लोक झाडूनं अर्धमेली करून आनतात.” त्यांनी पंचनाम्याचा कोरा कागद ओढला. “सरफराजभाऊंचा फोन आलता. घरात निघाली नं? कुठं, स्वयंपाकघरात?”

त्यांचा पेन कागदावर टेकला होता. रोज लोक साप आणत, घोरपडी आणत, आणि रोज ते घरातच निघालेले असत. योगेशला फक्त मान हलवायची होती. बोलावंही लागणार नव्हतं. मान हलवली की पाल रानात, तो कचेरीत, आणि बाकावर दुसरा कोणी. त्यानं मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. तो गप्प राहिला, आणि ते गप्प राहणंही त्याला कागदावर लिहिल्यासारखं दिसत होतं. पेन चालू लागला. “घराच्या... मागील बाजूस... गव्हाच्या कोठीमागे...” सीमाबाई नेहमीचा मजकूर लिहिताना मोठ्यानं म्हणत होत्या.

“कोठीमांगं नाही,” खुशालराव म्हणाले.

“मग कुठं, काकाजी?”

“कुठंच नाही निघाली ते. मी निवडली. दुकानात पाच होत्या, त्यातून. कोठीमांगं निघते ते उंदीर.”

पेन थांबला. कडुनिंबाखाली कोणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती तीनदा बंद पडली.

“विकत घेतली?” सीमाबाईंनी योगेशकडे पाहून विचारलं. आवाज तोच होता, फक्त त्यातला घरगुतीपणा निघून गेला होता.

“बाबा,” योगेश हळूच म्हणाला.

“काय बाबा? तू खोटं लिहू देशील सरकारी कागदावर? तुह्या टेबलावर असं चालते काय?” खुशालरावांनी सीमाबाईंकडे तोंड वळवलं. “मॅडम, पोराचा दोष नाही. त्याले पिवयी पाहिजे होती. गावरान म्या मागतली. लिहाचं असलं तं माह्या नावानं लिहा. खुशालराव सदाशिव टाले.”

योगेशच्या छातीत दुखलं. तसंच, जूनमध्ये दुखलं होतं तसं. त्यानं मनातल्या मनात निलंबनाचा आदेश वाचला, सहीखालची तारीखसुद्धा. मग सीमाबाईंच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. अर्धी ओळ लिहून झाली होती, आणि ती चुकीची होती. वडिलांचं नाव तिच्याखाली जाणार होतं, तेही चुकीचंच होतं; पैसे त्याच्या खात्यातून गेले होते, पावती त्याच्या नावाची होती.

“मॅडम, जबाब मी स्वतः लिहितो,” तो म्हणाला. “कोरे कागद आहेत का? चार लागतील.”

त्यानं तीन पानं लिहिली. दुकान, तारीख, वेळ, डबा कुठून काढला, कोण काय बोललं. फोनमधली पावती, लॅमिनेट केलेला कागद आणि रजिस्टरमधल्या संबंधित पानांच्या, बॅगेत तयार ठेवलेल्या, छायाप्रती जोडल्या. “गावरान नाही काय?” हे वाक्य त्यानं अवतरणचिन्हांत घातलं आणि पुढे कंसात लिहिलं: वडील. आपण त्यास हरकत घेतली नाही, हेही लिहिलं. सीमाबाईंनी तिन्ही पानं वाचली. बारा वर्षांत असा जबाब पाहिला नाही, असं त्या म्हणाल्या. हे चांगलं की वाईट ते म्हणाल्या नाहीत.

“आता माह्यावर गुन्हा दाखल होईल?” योगेशनं विचारलं.

“ते साहेब ठरवतील. स्वतःहून आले, हे मी वर लिहिते. तुमच्या ऑफिसला तुमीच कळवलेलं बरं. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा.” मग त्यांनी पाल कापडी पिशवीत घेतली. पेटी मात्र ठेवून घ्यायला जागा नव्हती. पेटी मुद्देमाल होती. त्यांनी तिच्या झाकणावर कागदाची पट्टी चिकटवली, सही केली, लाख लावली, आणि खटला संपेपर्यंत सांभाळायला म्हणून सुपूर्दनाम्यावर योगेशची सही घेऊन ती त्यालाच परत दिली.

बाहेर आल्यावर खुशालराव म्हणाले, “रागावला काय?”

“नाही.”

“रागाव. पन कोठीमांगं निघाली असं मले नाही ऐकवलं.”

तहसीलदारांना दिलेला खुलासा योगेशनं सात वेळा लिहिला. साहेबांनी तो उभ्या उभ्या वाचला, “पाल?” असं विचारलं, आणि “पाहू” म्हणून टेबलावर ठेवला. सरकारी कामात “नाही” या शब्दाला तारीख असते, “पाहू”ला नसते. पुढचे एकोणीस दिवस योगेश कचेरीत वेळेआधी पोचे आणि शिपाई एखादा लखोटा घेऊन फिरताना दिसला की अर्ज तपासायचा थांबे. जेवण अर्धं होई. खुशालराव गावी परत गेले नव्हते. मुलाच्या घरी राहत होते, सकाळी फाटकाशी उभे राहत आणि संध्याकाळी त्याच्या चेहऱ्याकडे पाहून काही न विचारता आत जात. हरभरा सोंगायला, म्हणजे कापायला, आला होता. त्यांनी फोनवरून गड्याला सांगितलं, सोंग. सगळा. त्या दोन ओळीही.

विसाव्या दिवशी वनविभागाचं पत्र आलं. अमरावतीच्या दुकानदाराविरुद्ध गुन्हा नोंदवला होता, पोत्यांमागे आणखी सहा डबे सापडले होते. योगेश आणि खुशालराव यांची नावं साक्षीदारांच्या यादीत होती. आरोपींच्या यादीत नव्हती. योगेशनं ती यादी पाच वेळा वाचली, त्यात एकच नाव होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याचा खुलासा परत दिला. समासात लिहिलं होतं: “नोंद घेतली. अभिलेखात ठेवा.” याचा अर्थ नोकरी राहिली. याचा अर्थ असाही होता, की हा कागद आता त्याच्या सेवापुस्तकात, तो निवृत्त होईपर्यंत राहील, आणि पुढे येणारा प्रत्येक साहेब तो उघडून “पाल?” असं विचारील.

संध्याकाळी त्यानं घरी सांगितलं. साधना खुर्चीवर बसली. खुशालराव म्हणाले, “म्हंजे वाचला?”

“हो. बहुतेक.”

“बहुतेक काय असते? हो का नाही?”

“हो,” योगेश म्हणाला. शब्द जरा जड गेला. “अन् पाल सोडली त्याहिनं. डॉक्टरनं तपासून, सातपुड्यात. जागा सांगत नाहीत.”

“नकोच सांगू मनाव,” खुशालराव म्हणाले. “सांगतली तं मी जाईन पाहाले.”

दुसऱ्या दिवशी ते गावी गेले. साधनानं बैठकीतली धूळ झटकायला घेतली आणि लाखेची पट्टी लावलेल्या रिकाम्या पेटीपाशी थांबली.

“हे माळ्यावर टाकू काय आता?”

“हात नको लावू,” योगेश म्हणाला. “पट्टी उखडली तं मी जबाबदार. खटला संपेपर्यंत हे सरकारचं आहे.”

“कवा संपते?”

“दहा वर्षं धर.”

तिनं पेटीच्या कडेकडेनं फडकं फिरवलं. योगेश बॅग घेऊन बसस्टँडवर गेला, आणि पाच मिनिटांनी पट्टी शाबूत आहे का ते पाहायला परत आला.